परत आलेल्या ताटाचा जाब विचारणाऱ्या शरयूताई

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट वादाने झाली. स्टुटगार्टच्या आमच्या रुग्णालयात मी नुकतीच डॉक्टर म्हणून रुजू झाले होते. डॉक्टर आणि परिचारिकांसाठी आहाराचा वर्ग आहे, हजेरी सक्तीची, अशी सूचना आली. मी उशिरा आणि कपाळाला आठ्या घालूनच पोहोचले. टेबलावर जेवणाचे सहा झाकलेले ट्रे मांडले होते, वॉर्डातून परत आलेले. एक ठेंगण्या, ताठ बाई विचारत होत्या, "झाकण न काढता सांगा, तुमचा रुग्ण आज काय जेवला?" कोणालाच सांगता येईना. मी म्हटले, "हे स्वयंपाकघराचे काम आहे, आमचे नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या शांतपणे म्हणाल्या, "असे वाटते, म्हणूनच तुम्हाला बोलावले." मग माझ्या कोटावरचे नाव वाचून हळूच मराठीत, "बसा आता. उभ्याने भांडता येतं, शिकता येत नाही."

पुण्यात आहारशास्त्र शिकून ताई लग्नानंतर जर्मनीत आल्या, तेव्हा त्यांची पदवी इथे लगेच मान्य झाली नाही. त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात ट्रे भरायला उभ्या राहिल्या. गरम अन्न भरून गेलेला ट्रे तासाभराने तसाच्या तसा परत येतो आणि थेट कचऱ्यात जातो, हे त्यांनी तिथे रोज पाहिले. त्या ट्रेवर खोलीचा क्रमांक असे, पण त्याबद्दल कोणी कोणाला काही विचारत नसे. पुढे त्यांनी इथली परीक्षा दिली, आहारतज्ज्ञ झाल्या आणि आयुष्यभर तोच एक प्रश्न विचारत राहिल्या: रुग्ण आज काय जेवला?

हा प्रश्न लहान नाही. औषधाची मात्रा मिलिग्रॅमपर्यंत पाठ करवून घेणारे शिक्षण रुग्णाच्या पोटात दिवसभरात काय गेले हे पाहायला शिकवत नसेल, तर ते शिक्षण अपुरे आहे. मी स्पष्टच लिहिते: रुग्णालयाच्या छपराखाली माणूस उपाशी राहतो आणि आपण त्याला अशक्तपणा म्हणतो, ही आम्हा डॉक्टरांची लाज आहे. हे मी अधिकाराने म्हणते, कारण मीही ते केले आहे.

सांगलीचे नाना इथे मोटार कंपनीत इंजिनिअर असलेल्या मुलाकडे आले होते. इथल्या चढाच्या पायऱ्यांवर ते पडले, खुबा मोडला आणि शस्त्रक्रियेनंतर माझ्या वॉर्डात आले. जखम भरेना. उभे केले की पाय लटपटत. मी रक्त तपासले, औषधे बदलली. नवव्या दिवशी त्यांचा मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बाबांचं एकच म्हणणं आहे. गावी परत जाईन तर स्वतःच्या पायांनी. होईल ना?" मी ताईंना बोलावले.

ताई जेवणाच्या वेळी आल्या आणि कोपऱ्यात खुर्ची घेऊन नुसत्या बसल्या. तरुण परिचारिकेने ट्रे आणला आणि हसून विचारले, जेवणार का? नानांनी तेवढेच हसून, नव्याने शिकलेले 'नको, धन्यवाद'चे जर्मन शब्द वापरले, "नाइन, डांके." तिने आदराने ट्रे उचलला आणि ती गेली.

"नाना, भूक नाही का?" ताईंनी विचारले.

"भूक आहे हो! पण विचारल्याबरोबर हो म्हणायचं? बरं दिसतं का ते? आणि ही पोर एकदा विचारते न् निघूनच जाते. मुलगा संध्याकाळी बिस्किटं आणतो, तेवढ्यावर भागवतो."

परिचारिकेला हे सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले. नको म्हणणाऱ्याला पुन्हा आग्रह करणे तिच्या घरी असभ्य मानले जाते. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला बाहेर नेले.

"आल्झो, तर मग, फाइलवर काय लिहिलंय तुम्ही?"

"भूक नाही, असं."

"नऊ दिवस रक्त तपासलंत. ताट किती वेळा तपासलंत? ती जर्मन मुलगी आहे, तिला काय ठाऊक. तुम्ही तर आपल्यातल्या ना?"

कोणाच्याही घरी जेवणाच्या पहिल्या विचारण्याला मी स्वतः कधी हो म्हटलेले नाही.

इतक्या दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपेट देणे धोक्याचे, म्हणून ताईंनी दर दिवसाचा आहार आखला आणि तो थोडा थोडा वाढवला. मुलगा घरून वरण आणू लागला. घट्ट दह्यासारख्या क्वार्कची वाटी पाहून नाना म्हणाले, "हा तर चक्का! साखर घालायची विसरलेत." परिचारिका तिसऱ्यांदा विचारायला शिकली आणि नाना दुसऱ्याच विचारण्याला हो म्हणू लागले. जखम भरली. काही आठवड्यांनी फ्रँकफर्टच्या विमानतळावर नानांनी चाकाची खुर्ची परत पाठवली आणि काठी टेकत, थांबत थांबत, ते स्वतःच्या पायांनी विमानापर्यंत गेले.

ताईंनी माझी चूक कोणाला सांगितली नाही. पुढच्या वर्गात मात्र मला उभे करून म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा." तेव्हापासून दर वर्षी नव्या डॉक्टरांपुढे मी ती चूक माझ्याच तोंडाने सांगते. त्यांची शिस्त सर्वांना सारखीच. रुग्णाला देतात ते पातळ, वाटलेले अन्न दिवसभर स्वतः खायचे, हा त्यांचा गृहपाठ. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी वेळ नाही म्हणून तो टाळला, तर ताईंनी त्यांच्या प्रमाणपत्रावर सही केली नाही. ते पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि मुकाट्याने ते जेवण जेवले.

आज ताई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. निवृत्त होऊनही त्या एस-बान लोकलने येतात आणि वर्ग घेतात. ताई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी प्रत्येक डॉक्टर रुग्णाच्या ताटाशेजारी बसायला शिकेल आणि तुमच्या वर्गाची गरजच उरणार नाही, तो दिवस तुम्ही स्वतः पाहावा. त्या दिवशी आम्ही तुम्हाला आनंदाने घरी बसू देऊ. तोवर तुम्हाला सुट्टी नाही.