यमुनाबाईंचं पडणं

एकोणसाठाव्या वर्षी यमुनाबाई ज्युदो शिकायला लागल्या, आणि सहा महिने झाले तरी त्यांना धड पडता येत नव्हतं. ज्युदोत आधी पडणंच शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची, तळहात गादीवर फाडकन आपटायचा. मग मार गादी खाते आणि अंग वाचतं. यमुनाबाई घाबरून हात टेकवायच्या, की कळ थेट खांद्यात जायची. त्यांच्याबरोबर आलेल्या दहा-दहा वर्षांच्या मुली पिवळा पट्टा बांधून पुढच्या रांगेत गेल्या. या आपल्या पांढऱ्या पट्ट्यावर, मागे.

"आंटीजी, ठुड्डी अंदर! कितनी बार बोलूँ?" विजयकुमार सर दर वेळी ओरडायचे.

जोडीला नववीतली जपनीत. तिच्या घोट्याला पाय अडकवून तिला पाडायचं, हा धडा. पण पाय लागला रे लागला, की यमुनाबाईंचा हात धरलेली बाही सोडून तिला शिवायचा आणि आपल्या छातीला लागायचा. माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, ही जन्माची सवय. तेवढ्यात जपनीत त्यांना आडवं करून मोकळी.

"आंटी, सॉरी गिराने के बाद बोला करो ना!"

"अगं, पाय लागला ना तुला," यमुनाबाई पडल्या पडल्या मराठीतच म्हणायच्या. मुली फिदीफिदी हसायच्या. त्याही हसायच्या, पण घरी जाताना जिना चढवत नसे.

हे सगळं कशासाठी, तर नवऱ्यासाठी, सदाशिवरावांसाठी. ऑडिट खात्यातला माणूस, बदलीवर चंदीगडला आला आणि निवृत्तीनंतर इथंच राहिला. सारा जन्म बायकोवर आवाज चढवला नाही. चार वर्षांपूर्वी विसरायला लागले. गेल्या वर्षापासून सकाळी आंघोळीच्या वेळी तिचा दंड धरायचे आणि पिळायचे. "फाईल कुठं लपवलीस? बोल!" यमुनाबाई त्यांना ऑफिसातल्या कुणी वाटायच्या.

मुलगा गंधार जवळच एयरोसिटीत राहायचा. एका रविवारी आईच्या दंडावरचे डाग त्याला दिसले.

"आई, पुन्हा असा डाग दिसला ना, तर मी विचारत बसणार नाही. मुल्लानपूरला अशा पेशंटांची चांगली जागा आहे. बाबांना तिथं ठेवायचं. पक्का."

"तिथं त्यांना संध्येचं पाणी कोण देईल?"

"आई, त्यांना संध्या आठवते तरी का?"

आठवत नव्हती. पण तांब्या हातात दिला की ओठ हलायचे. तेवढ्यावर यमुनाबाईंचा दिवस निघायचा.

त्याच महिन्यात सेक्टरच्या कम्युनिटी सेंटरमध्ये त्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. पलीकडच्या हॉलमध्ये ज्युदोच्या क्लासात एका दांडग्या माणसानं लहान मुलीचं मनगट धरलं होतं. मुलगी नुसती वळली आणि सुटली. त्याला लागलंसुद्धा नाही. न मारता सुटता येतं, एवढंच यमुनाबाईंनी मनात धरलं आणि दुसऱ्या दिवशी नाव घातलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार क्लास. त्या संध्याकाळी सहा ते सात शेजारच्या बेदी आंटी सदाशिवरावांजवळ गुरबाणी लावून बसायच्या. त्या वेळी ते शांत असत.

पण झालं भलतंच. ज्युदोत दंड धरतात, बाह्या ओढतात, कमरेवर आपटतात. यमुनाबाईंच्या अंगावर पूर्वीपेक्षा जास्त डाग उठायला लागले. भर जूनमध्ये त्या लांब बाह्या घालून स्वयंपाक करायच्या. शेवटी गंधारनं पाहिलंच, आणि त्यांना क्लासचं सांगावं लागलं. त्याचा विश्वास बसेना. तो क्लासला आला, कोपऱ्यात उभा राहिला. नववीतल्या पोरीनं आपल्या आईला सात वेळा आडवं केलेलं बघून तो हसला आणि मग चष्मा काढून पुसत राहिला.

"हे सगळे डाग इथलेच?"

"इथलेच," यमुनाबाई म्हणाल्या. त्या रात्री देवापुढं निरांजन लावताना त्यांनी वर बघितलं नाही.

कारण डाग दोन्हीकडचे होते. सुटायचं ते वळण त्यांना गादीवर जमायला लागलं होतं. जपनीतचा हात त्या सोडवायच्याही. पण सकाळी मोरीत, ओल्या फरशीवर, सदाशिवरावांचा हात झटकला तर ते पडणार. ते काही पडायला शिकलेले नव्हते. म्हणून त्या हात ढिला सोडायच्या आणि त्यांची बोटं आपोआप सैल होईपर्यंत रामरक्षा म्हणायच्या.

गुडघे सुजायचे. कितीदा वाटायचं, पुरे झालं. पण क्लास सोडला तर डागांना कारण काय सांगणार? क्लासच्या दिवशी पावणेसहा वाजले की त्या पांढरा कोट पिशवीत भरायच्या आणि बेदी आंटींना हाक मारायच्या. शिकायची हौस केव्हाच संपली होती. आता त्या फक्त जात होत्या.

आणि जाता जाता अंगाला कळलं. थंडी संपता संपता एके दिवशी जपनीतनं पाडलं, तेव्हा हॉलभर फाट असा आवाज घुमला. हनुवटी आत, पाठ गोल. काहीच दुखलं नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. यमुनाबाईंना बरं वाटायला हवं होतं. पण त्या पडल्या तशाच छताकडं बघत राहिल्या.

चैत्रातल्या एका शनिवारी गंधार त्यांना न्यायला आला. विजयकुमार सर कौतुकानं पुढे झाले.

"आपकी माताजी ने कमाल कर दिया, भाईसाहब! इनकी उम्र में ऐसा गिरना! दो महीने हो गए, एक निशान तक नहीं पड़ा."

"अरे वा!" गंधार हसला. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच थांबलं. त्यानं आईच्या लांब बाहीकडं पाहिलं.

त्यानं त्यांची पिशवी उचलली आणि दोघं बाहेर गाडीपाशी आले.

"आई, बाही वर कर."

यमुनाबाईंनी केली. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. अजून जांभळंसुद्धा झालं नव्हतं.

"आज सकाळचा आहे," त्या म्हणाल्या. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

गंधारनं गाडीच्या टपावर हात ठेवला.

"मंगळवारी नेऊ त्यांना."

"मंगळवारी क्लास असतो माझा," यमुनाबाई म्हणाल्या. आपण असं का बोललो, ते त्यांना स्वतःलाच कळेना.

"मग बुधवारी," तो म्हणाला आणि त्यानं त्यांच्यासाठी दार उघडलं.