मूठभर कणीक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माझ्या मायला नाही, शाळेत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या आणि माझं बाकी सगळं माहीत असणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर एवढ्यासाठीच ओळखत असाल की, बिनगव्हाचा नाश्ता विचारायचा असेल तर सुनंदा मॅडमला विचारा.

आणि लोक विचारतात हो. आदिलाबादसारख्या गावात बातमी लपत नाही. 'मॅडम, लेकाला गहू बंद सांगितलाय, सकाळी काय देऊ? शाळेची बस साडेसातला येते.' मी घडाघडा सांगते. रात्री मूग भिजवा, सकाळी वाटून पेसरट्टू, म्हणजे मुगाचे डोसे, घाला. ज्वारीच्या कण्या आदल्या संध्याकाळीच शिजवून ठेवा, सकाळी ताक आणि लसणाची फोडणी. पोहे करा, पण हिंग बघून — बाजारच्या हिंगात कणीक मिसळलेली असते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. तांदळाच्या पिठाचा सर्वप्पा थापून मंद आचेवर ठेवा, पोरीची वेणी घालून होईपर्यंत तो होतो. काहीच नाही जमलं तर ज्वारीच्या लाह्या आणि दूध. आमच्या भागात नाश्त्यालाच टिफिन म्हणतात, आणि माझ्या लेकीच्या टिफिनात आठवडाभर एक पदार्थ पुन्हा येत नाही, अशी माझी ख्याती आहे. एकदा आयांच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकलं, तर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

एक पदार्थ मात्र मी कधी सांगत नाही. ज्वारीची धिरडी. का सांगत नाही, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

माझी मुलगी मैत्री. ती तिसरीत असताना वाढायचीच थांबली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, दर आठवड्याला जुलाब. इथले डॉक्टर झाले, मग नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की, गहू हिच्या आतड्याला सोसत नाही. पोळी नाही, रवा नाही, बिस्किट नाही, ब्रेड नाही — जन्मभर. 'थोडंसं चालेल असं यात काही नसतं,' असं ते म्हणाले. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हे तेवढं लक्षात ठेवा.

तेव्हा घरात आम्ही चौघं. मी, मैत्री, तहसीलमध्ये कारकून असलेला माझा नवरा दिलीप, आणि त्याची आई. माझ्या आईला मी माय म्हणते, सासूला आई. पहिल्याच महिन्यात आईंनी मैत्रीला चहात बुडवून एक बिस्किट दिलं. नातीचं तोंड सुकलेलं त्यांना बघवलं नाही. मी ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. आई रडल्या. 'मले समजलंच नाई वं, एवढंसं त होतं,' म्हणाल्या. त्या दिवशी मी नियम केला — मैत्रीच्या ताटाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आईंनी तो नियम असा पाळला की, घरात पेरू आला तरी त्या दारातून विचारायच्या, 'सुनंदा, पोरीले पेरू दिऊ काय वं?'

नियम माझा होता. म्हणजे सकाळही माझी एकटीची.

आता ज्वारीचं सांगते. तुम्ही म्हणाल, ज्वारीच्या मुलखात राहून गहू बंद झाला तर एवढं काय अडलं? भाकरी करायची! खरं आहे. पण मला भाकरी येत नाही. माझी माय दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची, घरी तिन्ही त्रिकाळ ज्वारी. पोळी दिसायची ती सणाला. मी चुलीजवळ बसले की माय पुस्तक हातात द्यायची — 'तू भाकर नको बडवू, तू शिक.' मी शिकले, मास्तरीण झाले, आणि पहिल्या पगारात घरी गव्हाचं पोतं आणलं. मायनं त्या पोत्यावरून हात फिरवला होता. तेव्हापासून आमच्याकडे रोज पोळ्या. ज्वारीचं पीठ हाताखालून गेलं नाही ते नाहीच. माझं थापणं म्हणजे परातीत नकाशे! हे मी आज हसत सांगते. तेव्हा हसत नव्हते.

आईंची भाकरी अशी की, फुगून वर यायची. पण मैत्रीला डब्यात भाकरी नको होती. पोरी हसतात, म्हणाली. तिला गुंडाळून खाता येईल असं मऊ काहीतरी हवं होतं. म्हणून धिरडी. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कोथिंबीर, जिरं. सांगायला सोपं. पण ज्वारीचं धिरडं घाईच्या माणसाचं नाही. तवा जरा कमी तापला की चिकटतं, जरा जास्त तापला की उलटताना फाटतं. आणि मी कायम घाईत. नळ सकाळी येतो, पाणी भरायचं, दिलीपचा डबा, मैत्रीचं दप्तर, आणि माझी शाळा महाराष्ट्राच्या हद्दीकडच्या गावात, तिथं जाणारा ऑटो भरला की निघतो, मॅडमसाठी थांबत नाही.

तर एक सकाळ. पहिलं धिरडं फाटलं. दुसरं फाटलं. मैत्री गणवेश घालून ओट्याशी उभी, डोळ्यांत पाणी — 'मम्मी, आज पण चुरा देते काय?' बाहेर भरलेला ऑटो निघायचा हॉर्न वाजवत होता. शेजारी कणकेचा डबा होता. दिलीपच्या पोळ्यांसाठी तो घरात होताच. त्याचं झाकण लाल. चूक होऊ नये म्हणून लाल झाकण मीच ठरवलं होतं —

चुकून हात गेला, असं म्हणायला किती बरं वाटलं असतं. नाही गेला. मी लाल झाकण उघडलं, मूठभर कणीक घेतली आणि पिठात घातली. ढवळलं. तव्यावर ओतलं. धिरडं अख्खं सुटलं. एवढीशी कणीक पिठाला धरून ठेवते, हे आमच्याकडे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. भाकरी चिरते तिथंही नवशिकी सून हेच करते. मला ते माहीत होतं, आणि डॉक्टरांचं वाक्यही माहीत होतं.

दिवसभर शाळेत माझं लक्ष नव्हतं. घरी आले तर मैत्री खेळत होती. पोट दुखलं नाही, उलटी नाही, काही नाही. उलट म्हणाली, 'आज धिरडं लई मस्त झालं, डबा पुरा संपवला.' मला काय वाटलं सांगू? भीती गेली, आणि तिच्या जागी हुशारी आली. डॉक्टर लोक घाबरवतातच, एवढ्याशानं काय होतं? आईंनी हेच म्हटलं होतं ना बिस्किटाला — तेव्हा मी केवढी ओरडले होते!

मग ती युक्तीच झाली. रोज नाही. उशीर झालेल्या सकाळी. पण उशीर न झालेल्या सकाळी माझ्या आयुष्यात होत्या किती? पावसाळाभर असं चाललं. पुढे हिवाळ्यातही. मैत्री पुन्हा मलूल झाली, तेव्हा मी स्वतःला सांगितलं की हवा बदलली आहे. माणूस स्वतःला काय काय सांगतो!

नागपूरला पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद पाहिला, मैत्रीला वजनकाट्यावर उभं केलं, तिला बाहेर बसवलं आणि आम्हाला म्हणाले, 'हिच्या पोटात गहू जातो आहे. घरात कुणीतरी देतं आहे.' दिलीपनं माझ्याकडे पाहिलं. संशयानं नाही. अगदी भरवशानं — जणू मी याचं उत्तर देणार आणि ते बरोबर असणार.

आणि मी दिलं. मी म्हटलं, 'आईंना कळत नाही हो. लाडानं देत असतील.'

हाच माझा गुन्हा. कणीक नव्हे. कणीक थकलेल्या बाईच्या हातून गेली असं एखादा म्हणेलही. पण हे वाक्य मी आरामात खुर्चीवर बसून म्हटलं, घाई नव्हती, ऑटो उभा नव्हता. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. आणि 'देत असतील' म्हटलं, 'देतात' नाही — पकडलं जाऊ नये इतपत शहाणपणही मला त्या क्षणी होतं.

घरी आल्या आल्या दिलीपनं चपलाही काढल्या नाहीत. 'आई, तू पोरीले काय देते लपून?'

आई तांदूळ निवडत होत्या. 'काई नाई बाप्पा. काऊन?'

'डॉक्टर खोटं बोलते काय?'

'म्या नाई देल्लं. माया डोयाची आन, त्या बिस्किटाच्यानंतर म्या पोरीले कणभर नाई देल्लं.' मग त्या माझ्याकडे वळल्या. 'सुनंदा, तू सांग ना वं यायले. तुले पुसल्याबिगर म्या देतो काय कधी?'

त्यांनी मला साक्षीला बोलावलं होतं. मला, म्हणजे सगळ्या जगात मलाच. मी म्हटलं, 'हात-पाय धुऊन घेते,' आणि मोरीत गेले. नळ सोडला. बराच वेळ सोडून ठेवला.

त्याच आठवड्यात दिलीपनं आईंना नार्नूरकडे, गावी थोरल्या भावाकडे नेऊन सोडलं. जाताना त्यांनी मैत्रीला जवळ घेतलं नाही, दुरूनच कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढली. बहुधा त्यांना वाटलं असेल, हातालाही काही लागलेलं असलं तर.

आणि आई निघाल्या त्याच दिवशी मी कणीक बंद केली. धिरडीच बंद केली. मूग भिजवायला लागले, कण्या शिजवायला लागले, शेजारच्या तेलुगू अक्काकडून सर्वप्पा शिकले, रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवायला लागले. माझी ती सगळी ख्याती, ते जोडलेले हात, तिथून सुरू होतात. मैत्री सुधारली. गाल भरले, उंची वाढली. दिलीप येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, 'पाह्यलं? आई गेली अन् पोरगी टवटवीत झाली.' याहून पक्का पुरावा कुणाला हवा होता? तो पुरावा मी रोज सकाळी उठून, लवकर उठून, नव्या नव्या चवीचा तयार करत होते. हे बोलणं गावापर्यंत पोचलं, आईंच्या कानावर गेलं. दिलीप त्यांच्याशी फोनवर औषधापुरतं बोलायचा.

आम्ही दर रविवारी विहारात जातो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज इतरांच्या आवाजात मी अलगद सोडून देते. ओठ हलतात. शेजारणीला कळत नाही.

मैत्री आता इंटरला, म्हणजे बारावीला आहे. मागच्या महिन्यात आम्ही गावी गेलो. कापूस वेचणीला आलेला, ओसरीवर ढीग. आई वाकल्या आहेत, नजर कमी झाली आहे, कालची गोष्ट आज राहत नाही. पण मैत्री येणार कळलं की त्या घरातलं गव्हाचं पीठ शेजारी पाठवतात आणि तवा राखेनं घासून घेतात, हे जाऊबाईंनी मला सांगितलं. कुतूहल म्हणून सांगितलं, टोमणा नव्हता.

आम्ही जेवायला बसलो. आईंनी स्वतः भाकरी केल्या होत्या. एक घेऊन त्या माझ्यासमोर आल्या, मैत्रीसमोर नाही. 'हे चालते काय वं पोरीले? निरी ज्वारीच हाय.'

'चालते,' मी म्हटलं.

मैत्री हसली. या गोष्टीची आमच्या घरात थट्टा झाली आहे, तिला कडूपणा माहीत नाही. म्हणाली, 'आजी, आता खरं सांग. मले लपून किती बिस्किटं चारली तू?'

सगळे हसले. आईही हसल्या. मग थांबल्या, आठवू लागल्या, आणि मी पाहत होते — त्यांना काही सापडत नव्हतं, कारण तिथं काही नव्हतंच.

'देल्लं असन बाप्पा म्याच,' त्या म्हणाल्या. 'आता ध्यानात नाई राहात. देल्लंच असन. नाईतं पोरगी काऊन बिमार पडन?'

दिलीपचा हात ताटात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात ओल आली. 'जाऊ दे आई. झालं ते झालं.' त्यानं आईला माफ केलं. माझ्या देखत.

आईंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. 'तुले लई तरास देल्ला, सुनंदा, म्या.'

मी म्हटलं, 'जाऊ द्या, आई.' आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.