दुसऱ्या ट्रम्पेटची खुर्ची

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. मराठवाड्यातून खांदेश्वरला आले तेव्हा सगळ्या सामानात त्यांनी ट्रम्पेटची पेटी तेवढी मांडीवर घेतली होती, असं आई अजून सांगते. मला त्यांनीच शिकवलं. सोसायटीत वाजवायची सोय नव्हती. मी पहिला सूर लावला की खालच्या काकू गॅलरीतून विचारायच्या, "काय गं, आज कोणाचं लग्न?" म्हणून आम्ही सकाळी खाडीच्या बांधावर जायचो.

वरातीत दोन ट्रम्पेट एकच चाल वाजवतात. एकाला श्वास घ्यायचा असला की दुसरा सूर धरून ठेवतो. गर्दीत धक्के खात चालताना शेजाऱ्याच्या खांद्यावर नजर ठेवायची. श्वासासाठी त्याने खांदा उचलला की आपण भरायचं. पप्पा म्हणायचे, "सूर तुटला की नाचणारे थांबतेत, पोरी. नाचणारे थांबले की वरात थांबली." माझ्या अंगात सगळ्यात आधी मुरलं ते हे.

पुढे मी नोटेशन शिकले, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिल्या. वाशीतल्या एका ऑर्केस्ट्राने मला एका कार्यक्रमापुरतं दुसऱ्या ट्रम्पेटवर घेतलं. नीट वाजवलं तर जागा माझी. पप्पांना एवढं कळलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते झोपेत गेले.

पप्पांचा जलदान विधी झाल्यावर मी तालमीला गेले. पहिला ट्रम्पेट उरणच्या एका काकांकडे होता. संथ भागात त्यांची एक लांब ओळ आहे, ती थांबते, आणि मग सगळेच क्षणभर गप्प राहतात. काकांचा खांदा उचलला गेला आणि मी त्यांचा सूर धरला. त्या शांततेत माझ्या एकटीचा ट्रम्पेट वाजत राहिला.

"बाय," काका वळून म्हणाले, "माजा दम तू कशाला घेतंस? मी अजून जिता हाय ना?"

सगळे हसले. त्यांना माझ्या घरचं माहीत नव्हतं. मीही हसले. समोर छडी घेऊन उभे असलेले संचालक हसले नाहीत. "तिथे शांतता लिहिलेली आहे," ते म्हणाले. पुन्हा वाजवलं. खांदा उचलला गेला, मी पुन्हा भरलं. तेव्हा त्यांनी छडी खाली ठेवली. "पुढच्या तालमीतही असंच झालं, तर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

बाहेर चहाच्या टपरीवर मी काकांना सगळं सांगितलं, पप्पा गेल्याचंही. त्यांनी माझ्यासाठी अजून एक चहा सांगितला. मग मी खरी भीती बोलून दाखवली. ही सवय मोडली तर पप्पांनी शिकवलेलं मीच पुसून टाकल्यासारखं होईल.

"पुसतंस कशाला?" काका म्हणाले. "आमच्या गावान हलदीला ये. तिथं पायजे तवढा भर. हितं माज्या खांद्याकडं बघू नको, काठीकडं बघ."

त्या आठवड्यात मी घरी ती जागा रोज वाजवली, म्हणजे खरं तर रोज थांबले. हात ट्रम्पेट उचलायला निघायचे, मी ते मांडीवर दाबून धरायचे. आई दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "हे काय शिकायलीस, न वाजवायचं?" मी हो म्हटलं. पुढच्या तालमीत हात जागेवरच राहिले. संचालकांनी नुसती मान हलवली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. संथ भाग आला. काकांची ओळ थांबली. मी छडीकडे बघत होते. कोणी खोकलंसुद्धा नाही. ती शांतता इतकी मोठी होती की त्यात पप्पा नाहीत हे मला पहिल्यांदाच स्पष्ट कळलं, आणि तरी मला ती भरावीशी वाटली नाही. मग छडी माझ्याकडे वळली. त्या शांततेतून पहिला सूर निघतो तो दुसऱ्या ट्रम्पेटचा, अगदी हळू. तो मी लावला. स्वच्छ लागला. पाठोपाठ व्हायोलिनं आली, मग सगळेच.

शेवटी टाळ्या थांबेनात. संचालकांनी आम्हा पितळी वाद्यवाल्यांना उभं केलं. मी बसूनच राहिले, तर काकांनी कोपर मारलं, "उठ गो, तुलाच बोलावतान!"

विंगेत संचालक म्हणाले, "मंगळवारी तालीम आहे. खुर्ची तुमची."

आई बाहेर पायऱ्यांवर उभी होती. माझा चेहरा बघताच तिने विचारलं, "ठेवलं?"

"ठेवलं."

तिने तिथल्या तिथे गावी पप्पांच्या मोठ्या भावाला फोन लावला आणि सगळी गर्दी वळून बघेल एवढ्या आवाजात सांगितलं, "भावजी, पोरगी लागली! मोठ्या बँडात लागली!"