दाराला हात लावू नका

नव्या गाडीचा फोटो पप्पांच्या मोबाइलवर आला तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी ऑफिसला निघायच्या घाईत होते. पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा पुसला, फोटो पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "हे काय करून ठेवलंय?" आवाज असा की मला वाटलं कोणीतरी गेलं. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"काय झालं?"

"गाडीचं तोंड बदललं," पप्पा म्हणाले.

आईनं कपाळाला हात लावला आणि परत पोळ्या लाटायला गेली.

आमच्या पप्पांनी आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली. वागळे इस्टेटमधल्या एका स्प्रिंगांच्या कारखान्याच्या मालकांचे ते ड्रायव्हर. मालकांना सगळे शेठ म्हणत, म्हणून आम्हीही घरात शेठच म्हणायचो. शेठना एका परदेशी कंपनीच्या मोठ्या सेडानचं वेड. तीस वर्षांत त्यांनी तेच मॉडेल तीनदा घेतलं, दर वेळी नवं रूप, आणि दर वेळी शोरूममधून गाडी घरी आली ती पप्पांच्या हातानं. दुसऱ्या कोणी चावी लावायची नाही, हा त्या घरचा नेम. पप्पा रिटायर झाले तेव्हा शेठनी त्यांना सांगितलं होतं, "आता घेईन ती शेवटची. तीही तुम्हीच आणायची." पप्पा या एका वाक्यावर सहा वर्षं जगत होते म्हटलं तर फार खोटं होणार नाही. सकाळची बुद्धवंदना झाली की ते गुडघ्यांचा व्यायाम करायचे. नव्या गाड्यांत क्लच दाबायचा राहिला नाही हे त्यांना माहीत होतं, तरीही करायचे. आणि आता शेठनी ती शेवटची गाडी बुक केली होती; फोटो तिचाच.

कोपर स्टेशनजवळ एका चहाच्या टपरीपाशी रिटायर ड्रायव्हरांचा कट्टा भरतो. चार-पाच जण, सगळे कधी ना कधी वागळे इस्टेटमधल्या कुठल्या तरी मालकाच्या गाडीवर होते. त्यांच्यात एकच जण स्वतःच्या गाडीचा मालक आहे. त्या काकांच्या घरी पूर्वी मिठागरं होती, मग जमिनीवर इमारती आल्या, आणि पहिला पैसा हातात आला तेव्हा त्यांनी शेठच्याच मॉडेलची जुनी गाडी घेतली. आजही तिचा साधा दिवा गेला तरी ते पप्पांना विचारल्याशिवाय गॅरेजला जात नाहीत. कट्ट्यावर पप्पांचा मान तेवढा.

त्या रविवारी मी पप्पांना औषध द्यायला कट्ट्यावर गेले तर तिथे सुतक पडलेलं. एकाच मोबाइलवर पाच डोकी वाकलेली.

"यो काय तोंड हाय?" मिठागरवाले काका म्हणत होते. "आमचे म्हशीचा तोंड बरा व्हता यापेक्षा."

"अरे, जाळी बघ जाळी," दुसरे म्हणाले. "गटारावर बसवतात तसली. आणि दिवे कुठायत? डोळेच नाहीत गाडीला."

"आहेत. त्या बारीक चिरा दिसतात ना, ते दिवे."

"झोपेतून उठल्यासारखी वाटते रे."

पप्पा फोटो बोटांनी मोठा करून बघत होते. मग ते म्हणाले, "नाकावरची चांदणी काढली." बॉनेटवर पूर्वी कंपनीचं उभं चिन्ह असायचं, त्याला ते चांदणी म्हणायचे. रोज सकाळी पिवळ्या फडक्यानं आधी तीच पुसायचे. "पुसायचं काय आता? काच?"

मला हसू येत होतं. दुसऱ्याच्या गाडीचं तोंड, दुसऱ्याचे पैसे, आणि हे लोक असे बसलेत जणू यांच्या घरातल्या मुलीनं केस कापलेत. पण पप्पांचा चेहरा बघून हसले नाही. पुढचे दोन महिने आमच्या घरात तोच विषय. नवे व्हिडिओ, त्याखाली जगभरातल्या शौकिनांच्या शिव्या, आणि पप्पांना इंग्रजी कळत नव्हतं, म्हणून ते मला वाचून मराठीत सांगायला लावायचे. कोणी शिवी घातली की समाधानानं मान हलवायचे. एकाच गोष्टीचं त्यांनी कौतुक केलं. छत. नव्या गाडीचं छत मागच्या बाजूला सुंदर उतरतं केलं होतं. "तेवढं मात्र झकास," पप्पा म्हणाले, आणि कट्ट्यानंही ते एकमतानं मान्य केलं. तोंड वाईट, छत छान, असा निकाल लागला.

आता मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला शेठ कधीच आवडले नाहीत. माणूस वाईट नव्हता. माझ्या कॉलेजच्या फीपासून आईच्या ऑपरेशनपर्यंत ते उभे राहिले. पण मी दहा वर्षांची असताना कारखान्याच्या पूजेला गेले होते, आणि तिथे मी पप्पांना गाडीचं मागचं दार उघडून उभं राहिलेलं पाहिलं. गाडीतून शेठचा मुलगा उतरला. माझ्याच वयाचा, हाफ पॅंट घातलेला. माझे पप्पा त्याच्यासाठी दार धरून वाकले होते. मला देऊ केलेला पेढा मी घेतला नाही. पुढे कॉलेजात असताना एकदा भांडणात मी बोलून गेले, "हात नाहीत का त्यांना? स्वतःचं दार स्वतः उघडता येत नाही? आपण विहारात स्वाभिमानाची भाषणं ऐकतो आणि सोमवारी तुम्ही दार धरून उभे राहता." पप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते भाजी आणण्याबद्दल. दाराचा विषय आमच्या घरात तिथेच संपला.

तर फोन आला. गुरुवारी गाडी मिळणार होती. शेठचा मुलगा स्वतः बोलला, "काका, पप्पा म्हणतात तुम्हीच हवेत."

कट्ट्यावर या बातमीनं खळबळ उडाली. दोन महिने ज्या गाडीला शिव्या दिल्या तीच आता पप्पा चालवणार होते. "न्यायची, पण तोंडाकडं बगाचा नाय," मिठागरवाले काका म्हणाले. पप्पांनी नवा पांढरा शर्ट शिवून घेतला. मी रजा टाकली, कारण पप्पा सत्तरीचे आणि ती गाडी आमच्या इमारतीतल्या चार फ्लॅटच्या किमतीची. माझ्या छोट्या गाडीतून आम्ही ठाण्याला गेलो. वाटेत पप्पा पिवळं फडकं मांडीवर घडी करून बसले होते.

शोरूममध्ये गाडीवर लाल कापड टाकलेलं. शेठ खुर्चीत बसले होते. त्यांना मधे अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, हातात काठी आली होती, पण पप्पांना बघून उठले. दोघांनी एकमेकांचे हात धरले. मग कापड ओढलं, कागदाचे तुकडे उडाले, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली. पप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली. तोंडापाशी थांबले नाहीत.

मग ते सवयीनं मागच्या डाव्या दारापाशी गेले. शेठ काठी टेकत येत होते. पप्पांनी हात पुढे केला आणि हात हॅंडलला लागायच्या आत दार आपोआप उघडलं. हळूच, पूर्ण, कोणी न ओढता.

पप्पा दचकून एक पाऊल मागे सरकले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मीही आ वासून बघत राहिले. दोन महिने आम्ही सगळे तोंडाकडे बघत बसलो होतो. दाराचं कुणी बघितलंच नव्हतं. ड्रायव्हर लोकांना वाटत होतं, दार ते दार, त्यात काय बदलणार?

शेठ बसले. पप्पांनी दार लावायला ढकललं तर ते मधेच अडलं आणि टुंगटुंग वाजायला लागलं. शोरूमचा सेल्समन धावत आला. "काका, दाराला हात लावू नका प्लीज. बटण आहे. सर आतून दाबतील."

"मागून सायकल आली तर?" पप्पांनी विचारलं.

"कॅमेरा आहे ना. सायकल दिसली तर दार थांबतं."

"थांबतं?"

"स्वतः थांबतं, काका."

पप्पांनी फक्त मान डोलावली. इतकी वर्षं जे दार माझ्या डोळ्यांत सलत होतं ते कंपनीनं माझ्या मनासारखं करून टाकलं होतं. आता माझ्या बापाला कुणासाठी दार उघडायची गरज नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी त्या सेल्समनच्या कानाखाली एक वाजवावी असं वाटलं. का, ते मला तेव्हा कळेना.

पप्पांनी गाडी घोडबंदर रोडनं नेली. शेठ मागे एकटे, त्यांचा मुलगा पुढे पप्पांच्या शेजारी, आणि मी माझ्या गाडीतून मागे. एवढ्या ट्रॅफिकमध्ये त्यांनी ती अजस्र गाडी अशी काढली की मला माझी छोटी गाडी त्यांच्या मागे ठेवता येईना. एकदाही ब्रेकचा झटका नाही. मी मनात म्हटलं, घ्या, हात अजून आहे.

शेठच्या टॉवरखाली गाडी थांबली. मी मागेच थांबून उतरले. पप्पा आत काहीतरी शोधत होते. गिअरचा दांडा नव्या गाडीत नव्हताच, एक छोटंसं बटण होतं, आणि गाडी नक्की पार्क झाली का याची त्यांना खात्री होईना. शेठच्या मुलानं दाखवलं तेवढ्यात मागचं दार उघडलं. शेठनी बटण दाबलं होतं. पप्पा घाईनं बाहेर आले, गाडीला वळसा घालून धावले. सत्तर वर्षांचा माणूस धावला.

पोचायच्या आत शेठ उठले होते. आणि त्या उतरत्या, झकास, सगळ्या कट्ट्यानं वाखाणलेल्या छताची कड त्यांच्या कपाळावर टण्णकन बसली.

फार काही नाही. लाल वळ आला, रक्त नाही. शेठनी काठी सावरली, कपाळ चोळलं आणि हसत म्हणाले, "अहो, तुमचा हात कुठे राहिला आज?"

पप्पांचा चेहरा पांढरा पडला. "शेठ," ते म्हणाले, "हात लावू नका म्हणाले ते."

शेठचा मुलगा बर्फ आणायला वर गेला. पप्पांनी पिवळं फडकं गाडीच्या बॉनेटवर ठेवलं, पुसलं नाही, नुसतं ठेवलं, आणि माझ्या गाडीत येऊन बसले.

डोंबिवली येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मुंब्र्याच्या पुढे एकदाच बोलले. "तीस वर्षांत शेठचं डोकं एकदाही लागलं नाही."

मी "पप्पा, अहो, त्यांना काही झालं नाही" वगैरे म्हटलं. ते माझं बोलणं माझ्याच कानाला फोल वाटलं.

कोपरला आमच्या इमारतीसमोर मी गाडी लावली. पप्पा उतरेनात. पट्टाही काढला नाही. मला वाटलं, आज थकलेत. मी उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले आणि दार ओढलं.

पप्पांनी आतून ते खाडकन परत ओढून घेतलं. माझ्या पाठीला घासून डावीकडून एक स्कूटर सुसाट गेली. वर स्कूटरवालाच मला ओरडला, "ओ मॅडम, दिखता नहीं क्या?"

मी गाडीला चिकटून उभी राहिले. पप्पांनी काच खाली केली.

"आधी मागे बघायचं," ते म्हणाले. आवाज अगदी शांत, शाळेत शिकवतात तसा. "मग अंग मधे घालायचं, म्हणजे येणारा आपल्याला धडकेल, उतरणाऱ्याला नाही. मग दार. आणि दुसरा हात वर, छताच्या कडेला. तळवा खाली. डोकं लागलं तर हाताला लागेल."

मला दहाव्या वर्षीचं ते दृश्य आठवलं. पप्पा वाकले होते, हे मी पाहिलं होतं. त्यांचा एक हात वर होता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"परत कर," पप्पा म्हणाले.

मी मागे बघितलं. रस्ता मोकळा होता. मी अंग मधे घातलं, एका हातानं दार उघडलं, दुसरा हात छताच्या कडेला धरला. पप्पा वाकून बाहेर आले. त्यांचं डोकं माझ्या तळव्याला घासून गेलं. केस किती विरळ झालेत ते मला तेव्हा कळलं.

"हं," ते म्हणाले. "दार आपटू नको. दोन बोटांनी लाव."

मी दोन बोटांनी लावलं.