मोकळं कपाळ

नगरच्या मोटारस्टँडवर आप्पा आम्हाला सोडायला आले होते. आप्पा म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक. स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली होती आणि ह्यांना घाटकोपरच्या एका कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. गाडी सुटताना आप्पा म्हणाले, "मार्था, पडेल ते काम करा. पण आपण कोण, ते लपवू नका."

गावात ते सोपं होतं. सगळ्यांना ठाऊकच होतं. मुंबईत मात्र 'ख्रिस्ती' म्हटलं की रिकामी खोली एकदम भरलेली निघायची. शेवटी ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या सावंतांनी एका चाळीत खोली मिळवून दिली. मालकाला त्यांनी नुसतं आमचं आडनाव सांगितलं होतं. मला म्हणाले, "वहिनी, नाव मालती सांगा, कुंकू लावा. कोण विचारतंय?" मी नको म्हटलं. हे ट्रंक उचलून पुढे झाले. मला दिवस गेलेले, आणि पावसाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवं होतं.

सामान लावून होतंय तोच मालकीणबाई चैत्राच्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या. माझं कपाळ बघून चपापल्या. "अगं, नवरा धडधाकट, तू दोन जिवांची, आणि कपाळ मोकळं?" त्यांनी करंडा पुढे केला. प्रेमानंच केला, म्हणून जास्त जड गेलं.

"मावशी, मी येईन, कैरीची डाळ वाटून देईन. पण कुंकू नाही लावणार. आम्ही ख्रिस्ती आहोत."

त्या करंडा मिटून वळल्या. संध्याकाळी मालकांनी खोली सोडायला सांगितलं. मला वाटलं, आता हे चिडणार. हे ट्रंक बांधायला बसले. दोरी आवळत म्हणाले, "बरं झालं बोललीस. माझ्याच्यानं झालं नसतं."

सामान हलवायला सावंतच आले. मुलुंडला, भातशेताच्या कडेला, पत्र्याची खोली मिळाली. भिंतीला ओल, पाणी लांबून आणायचं. तिथं घरमालकाला मी पहिल्या वाक्यातच सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "भाडं वेळेवर द्या म्हणजे झालं."

थोरला तिथंच झाला. रविवारी आधी आम्ही दोघंच गायचो. मग नगरकडची, कारखान्यांत विखुरलेली आपली माणसं विचारत विचारत येऊ लागली. कुणी मालती झालेली, कुणी मोहन झालेला. दारात चपला मावेनात. ढोलकी, टाळ, आपली भजनं. थोरल्याचा बाप्तिस्मा त्याच पत्र्याखाली झाला. आप्पा आले होते. सगळ्यांच्या मधोमध, मान ताठ करून बसले होते.

गावाकडच्यांनो, तुम्ही विचारता, घरी कधी येणार? येऊ की, सुट्टीला येऊ. पण बाप्तिस्म्याच्या त्या रविवारी उंबऱ्यात एक मुलगी घुटमळली आणि हळूच म्हणाली, "इथं माझं खरं नाव सांगितलं तर चालेल ना?" मी तिला हाताला धरून आत घेतलं. तेव्हापासून मुलुंडच माझं घर आहे.