भागूबाई आणि जावेची फरशी

१९५७ साली मी पिंपरीच्या एका कारखान्यात कारकून होतो आणि भोसरीत गेनबांच्या घरी एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. भागूबाई ही गेनबांची बायको. हेवा करणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण इतक्या निगुतीने हेवा करणारे दुसरे कोणी पाहिले नाही. त्यांच्या मनातले मला कळे ते माझ्या पत्नीकडून. दोघींचे चांगले जमत असे.

भागूबाईंचा लौकिक सारवणाचा. गावात लग्न निघाले की मांडवाची जमीन सारवायला पहिले बोलावणे त्यांना. हात एका वळणाने फिरे, कुठे जोड दिसत नसे. बायका नवरीच्या आधी जमीन बघतात, असे त्या स्वतःच सांगत.

घराचे दोन भाग होते, मधे भिंत. पलीकडे धाकटा दीर मारुतराव आणि त्याची बायको सुमन. मारुतरावाला कारखान्यात नोकरी लागली आणि दिवाळीआधी त्याने कोंडाजी गवंड्याकडून आपल्या भागात शहाबादी फरशी बसवून घेतली. सगळी आळी बघायला लोटली. भागूबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या, "थडग्यावानी दिसतंय."

तेवढ्यावर निभावले असते. पण शेजारच्या अंबुबाईंनी मुलीच्या सुपारीचा कार्यक्रम सुमनच्या फरशीवर करायचे ठरवले. सारवायला कोणी बोलावले नाही. त्या दिवशी भागूबाईंनी भाकरी थापल्या त्या आमच्या खोलीपर्यंत ऐकू आल्या.

आठ दिवसांत फरशीवर पांढरी पूड आली. सांधे तर पिठाने भरल्यासारखे. सुमन रोज बादलीभर पाणी ओतून पुसायची, दुपारपर्यंत ती पूड पुन्हा यायची. शेवटी ती जावेकडे आली.

"आक्का, काय करू वो? सुपारी तोंडावर आली."

"चिंच लाव की. तांब्याचा हंडा कसा लखलखतो!"

चिंचेने दगडाची चकाकी जाते, हे भागूबाईंना ठाऊक होते. त्यांचाच पाटा एकदा रात्रभर चिंचेचा कोळ राहून डागळला होता. सुमनने दिवसभर चिंच घासली. संध्याकाळी फरशी कोड फुटल्यासारखी झाली होती, आणि सांध्यांतली पूड होती तशीच.

अंबुबाई आल्या, बघून गेल्या, आणि जाता जाता भागूबाईंच्या दारात थांबल्या. "भागूबाई, तुमच्या अंगणातच करू या. सारवाल न्हवं?"

कोंडाजीही आला आणि भडकला. "आंबट कुणी लावलं? ह्या दगडाला आंबट चालत न्हाई!"

"माझंच चुकलं," सुमन म्हणाली. भिंतीपलीकडे भागूबाई कान लावून उभ्या होत्या.

सुपारीच्या आदल्या दिवशी सुमन शेणाची पाटी घेऊन आली, पाणी ओतू लागली. दुसऱ्या दिवशी बायकांनी अंगणाची वाहवा केली, त्यात सुमनचा आवाज सगळ्यांत मोठा. भागूबाईंना जेवण गेले नाही. "तिनं भांडायला पायजे हुतं," त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या. "चांगुलपणात बी माझ्या म्होरं जाती!"

कोंडाजी सांध्यांतली पूड बघायला पुन्हा आला तेव्हा भागूबाईंनी त्याला आपल्या मोरीत नेले. मोरी मधल्या भिंतीला लागून होती. तळाचा चुना केव्हाच निघून गेला होता आणि अंघोळीचे पाणी भिंतीखाली मुरत होते.

"हितनं ओल जाती व्हय?"

"मग दुसरीकडनं कुठनं? वरनं धुतल्यानं लोणा, ही पांढरी पूड, आणखी वर येतोय. आधी ही मोरी हलवा. फरशी नुसती कोरडी झाडा."

गेनबांनी कुरकुरत मोरी परड्यात नेली. ओल सुकायला माघ उजाडला. मग कोंडाजीने सांधे खरवडून काळा रंग मिसळलेले सिमेंट भरले. डाग घालवायला मात्र एकेक फरशी बारीक दगडाने घासून पुढे तेलाचा बोळा फिरवायला हवा होता. ते भागूबाईंनी न बोलावता हाती घेतले. पाच दिवस दोघी जावा समोरासमोर बसून घासत होत्या.

पाचव्या दिवशी भागूबाई खाली बघतच म्हणाल्या, "चिंचेचं मी जाणून सांगितलं हुतं."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"त्याच सांजंला, डाग उठल्यावर. तुमचा पाटा काय मी बघितला न्हाई?"

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर भांडण झालं असतं. तुमी आज हितं असता का? अन् असा हात गावात दुसऱ्या कुणाचा हाय?"

भागूबाईंचा दगड थांबला. त्या दिवसापासून फरशीवरचा त्यांचा डोळा गेला. आता त्यांना सुमनच्या डोक्याचा हेवा वाटू लागला. "लई खोल हाय ती," त्या माझ्या पत्नीला सांगत. "मला आधी सुचायला पायजे हुतं."