भिंतीतला दम

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं? लाज वाटते म्हणून, आणि भीतीही वाटते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी बोलायला जमतंय.

मी बेळगावात इंजिनियर आहे, घरांचे नकाशे करतो. एका कुटुंबाचं छोटं घर बांधायचं असेल, तर आता परवानगी चुटकीसरशी मिळते. सगळं नियमात आहे, असं इंजिनियरनं लिहून द्यायचं, सही ठोकायची. आधी जागा बघायला कुणी येत नाही, कुणाचे हात ओले करावे लागत नाहीत. चांगलीच सोय आहे — मी तिची तोंडभरून स्तुती केली आहे. तिच्यात वाईट काही असेल, तर ती माझी सही.

बेळगावच्याच शहापूर भागातल्या एका विणकराचं घर होतं. मल्लाप्पाअण्णा आणि त्यांची बायको, रत्नाआक्का. अर्जात एक प्रश्न असतो — जागेत जुना आड किंवा विहीर आहे का? ‘आहे’ म्हटलं की फाइल कचेरीत जाते, पाहणी होते, महिने जातात. मी जागेवर न जाताच ‘नाही’ लिहिलं. सगळ्यांच्याच अर्जात लिहायचो. संध्याकाळी परवाना हातात, आणि आक्कांनी माझ्या घरी पेढे पाठवले.

पाया खणताना दगडी फरश्या लागल्या. एक उचकटली तर खाली आड — काळं पाणी, खोल. घरचे लोक तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होते, जागेवर मी आणि शिवाप्पा मेस्त्री दोघंच. तेव्हा खरं बोललो असतो तर? काम थांबलं असतं, माझं लायसन्स गेलं असतं, एवढंच. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगितलं. फरशी परत बसवली, वरून जाड स्लॅब ओतायला लावला.

मेस्त्री नंदगडकडचा. तो अडून बसला. म्हणाला, “आडाचं तोंड बांधलं तरी दम टाकायला वाट ठेवावी लागती, सर. न्हाय तर तो घरातल्यांचा दम घेतोय.” आमच्याकडची जुनी रीत आहे ही, मलाही ठाऊक होती. मी हसलो, पण नको म्हणालो नाही. त्यानं आडातून एक बारीक पाइप काढला, स्वयंपाकघराच्या भिंतीतून वर नेला आणि गच्चीवर टाकीमागं सोडला. प्लास्टर झाल्यावर काही दिसेना. पुढच्या वर्षी मेस्त्री वारला, आणि हे जाणणारा मी एकटाच उरलो.

वास्तुशांतीनंतर काही महिन्यांनी आक्कांचा निरोप आला. दुपारी वीज गेली की गल्लीतले माग थांबतात, आणि तेव्हाच म्हणे त्यांना ऐकू येतं. अण्णांचे कान मागाच्या खडखडाटात निम्मे गेलेले, मुलगा कारखान्यात. ऐकणाऱ्या त्या एकट्याच. मी गेलो तेव्हा घरातले सगळे जमले होते, अण्णांचा थोरला भाऊसुद्धा. आक्का सावकाश बोलल्या, “साहेब, ह्या भिंतीत कोणतरी दम टाकतंय. मला येड लागलंय म्हंतात ही सगळी. तुमी ऐका, तुमी सांगा.”

वीज गेली, माग थांबले, तसा मी भिंतीला कान लावला.

ऐकू आलं. लांब, ओला श्वास — आत, मग बाहेर. बंद आडातली हवा तापते, निवते, पाइपातून ये-जा करते. हे शास्त्र मला येतं. पण भीतीनं मी माझा श्वास रोखला, तेव्हा तोही थांबला. मी सोडला, तसा त्यानंही सोडला.

आणि मी काय केलं? — हेच सांगायचं होतं, इतका वेळ आडून आडून बोलतोय — मी मागं वळलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, “काय न्हाय आक्का. नुसती भिंत हाय. मनाचे खेळ हायेत.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. इंजिनियरनं सांगितलं म्हटल्यावर घरच्यांना ते पटलं. त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवसभर झोपू लागल्या, हात थरथरू लागले, नातवाला कडेवर घ्यायची बंदी झाली. गल्लीत त्यांना येडी रत्ना म्हणतात. शहाण्या बाईला मी वेडी ठरवलं. आडावरचा स्लॅब किती वर्षं टिकेल, तेही मला माहीत नाही.

गेल्या महिन्यात वरचा मजला चढवायचा म्हणून अण्णांनी मला बोलावलं. पुन्हा तोच सोपा अर्ज, पुन्हा तोच प्रश्न. मी ‘नाही’ लिहिलं.

आक्कांनी चहा आणून दिला. वीज गेलेली होती. जड जिभेनं, थोडं हसून त्या म्हणाल्या, “तुमचंच खरं, साहेब. आता मला काय बी ऐकू येत न्हाय.”

त्यांच्या पाठीमागं भिंत दम टाकत होती, मला स्पष्ट ऐकू येत होतं. मी म्हणालो, “बरं झालं, आक्का,” आणि चहा प्यायलो.